नॉईज घालवताना कडा का पुसल्या जातात, आणि ९, ७५, ७५ ने काम का होत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर लगेच सांगता येईल. कमी उजेडात आयएसओ बराच चढवून काढलेले फोटो आहेत, माणसांचे चेहरे आहेत आणि मागे फलकावर बारीक अक्षरं आहेत, सगळीकडे दाणे, म्हणजे नॉईज, दिसतायत. पायथनमधे ओपनसीव्ही ही इमेजवर काम करणारी लायब्ररी वापरून तुम्ही आधी गॉसियन ब्लर, म्हणजे शेजारच्या पिक्सेलची सरासरी, केला, दाणे गेले पण अक्षरं पुसट झाली. मग मीडियन, म्हणजे शेजाऱ्यांमधली मधली व्हॅल्यू घेणारा फिल्टर, लावला तर अक्षरांच्या बारीक रेघाच तुटल्या. मग कुठल्यातरी ट्युटोरियलमधून बायलॅटरल घेतला, ९, ७५, ७५ अशा व्हॅल्यू टाकल्या, तर फलक बरा आला पण चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे झाले आणि केस एकमेकांना चिकटल्यासारखे दिसायला लागले. आणि आता विचारताय की कडा धारदार ठेवून नॉईज काढणारा सगळ्यात चांगला फिल्टर कुठला आणि त्यात आकडे काय टाकायचे.

कोडमधे तुमची चूक काहीच नाहीये. फक्त तिन्ही वेळा एक गोष्ट सांगायची राहून गेली, ती म्हणजे तुमच्या फोटोत किती फरकाला नॉईज म्हणायचं आणि किती फरकाला कड. फिल्टरला चेहरा कळत नाही, अक्षर कळत नाही, त्याला शेजारशेजारच्या पिक्सेलमधला फरक तेवढा दिसतो. तो फरक ८ असेल तर ते दाणे आहेत की गालावरची हलकी छटा आहे, हे त्या फोटोत नॉईज किती आहे त्यावर ठरतं. ते मोजल्याशिवाय तुम्हाला कोणीही खात्रीचा आकडा देऊ शकणार नाही, मीही नाही. म्हणून आधी मोजायचं बोलू, मग फिल्टरचं.

पण त्याआधी गॉसियनने नक्की काय होतं ते एकदा आकड्यात बघून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. नॉईज कमी होतो तो सरासरीने. एकमेकांशी संबंध नसलेले ९ पिक्सेल घेऊन सरासरी काढली की नॉईज एक तृतीयांश होतो, २५ घेतले की एक पंचमांश, म्हणजे वर्गमूळाच्या हिशोबाने. हे गणित कुठल्याच फिल्टरला चुकवता येत नाही, नॉईज कमी करायचा तर कुठून तरी जास्तीचे पिक्सेल आणावेच लागतात. आता एक कड घ्या, डावीकडे ५० आणि उजवीकडे २००, मधे काही नाही. यावर पाच-पाच पिक्सेलची साधी सरासरी फिरवली तर ५०, ८०, ११०, १४०, १७०, २०० अशी पायरीपायरीने चढण तयार होते. एका ठिकाणी सरळ उभी असलेली भिंत आता पाच पावलांचा उतार झाली, आणि डोळ्याला यालाच पुसट म्हणतात. गॉसियनमधे जवळच्याला वजन जास्त आणि लांबच्याला कमी एवढाच बदल, पण कडेपलीकडचे लोक सरासरीत आले ते आलेच. म्हणजे सगळा प्रश्न सरासरीत कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही एवढाच आहे. कडा जपणारे जितके फिल्टर आहेत ते सगळे याच एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

आता मोजायचं कसं. सोपा मार्ग, फोटोत जिथे खरोखर काही नाही अशी जागा शोधा, रिकामी भिंत, साधा पडदा, फोकसबाहेरचा मागचा भाग, तिथला ५० बाय ५० पिक्सेलचा चौकोन कापा आणि त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे व्हॅल्यू सरासरीपासून साधारण किती लांब पसरल्यात तो आकडा, काढा. तो तुमचा सिग्मा. फक्त भिंतीवर उजेड एका बाजूला कमी होत गेलेला असेल तर तो उतारही त्या आकड्यात मिसळतो आणि सिग्मा उगाच मोठा येतो. कॅमेरा न हलवता त्याच दृश्याचे दोन फोटो असतील तर जास्त चांगलं, एकातून दुसरा वजा करा, दृश्य कटून जातं आणि उरतो फक्त नॉईज, पण तो दोघांचा मिळून असतो म्हणून त्याच्या स्टँडर्ड डेव्हिएशनला १.४१ ने भागा. मी स्वतः शक्य असेल तिथे हाच मार्ग वापरतो. एकच फोटो आहे आणि सपाट जागाही नाही, तर सायकिट-इमेज या पायथनच्या लायब्ररीत एस्टिमेट सिग्मा नावाचं फंक्शन आहे, ते वेव्हलेटने फोटो बारीक आणि जाड तपशिलांत वेगळा करून सगळ्यात बारीक तिरप्या तपशिलाच्या अॅब्सोल्यूट व्हॅल्यूंचा मीडियन घेतं आणि ०.६७४५ ने भागतं. मीडियन घेतल्यामुळे मधेच येणाऱ्या थोड्याफार कडांनी आकडा बिघडत नाही.

पण तुमचे फोटो जेपेग आहेत, तेव्हा इथे एक खाच आहे. वरच्या फंक्शनची समजूत अशी की प्रत्येक पिक्सेलचा नॉईज स्वतंत्र आहे. कॅमेऱ्यातून बाहेर आलेल्या जेपेगमधे तसं राहिलेलं नसतं. सेन्सरवर प्रत्येक ठिकाणी एकच रंग मोजला जातो, निम्म्या ठिकाणी हिरवा, पाव ठिकाणी लाल, पाव ठिकाणी निळा, आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून भरले जातात, म्हणजे एका पिक्सेलचा नॉईज तिथेच शेजाऱ्याला वाटला गेला. त्यावर कॅमेऱ्याचं स्वतःचं नॉईज रिडक्शन, मग शार्पनिंग, मग जेपेगचे ८ बाय ८ चे चौकोन. शेवटी बारीक दाण्यांऐवजी तीनचार पिक्सेलचे गुठळे उरतात आणि सगळ्यात बारीक तपशिलात बघणारं फंक्शन म्हणतं की सिग्मा २ आहे, आणि डोळ्याला तर केवढा नॉईज दिसतोय.

याची एक साधी परीक्षा आहे. तोच सपाट चौकोन घ्या, दोन बाय दोन पिक्सेलची सरासरी काढून निम्मा करा आणि पुन्हा स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. नॉईज स्वतंत्र असेल तर चार पिक्सेलच्या सरासरीने सिग्मा बरोबर निम्मा झाला पाहिजे. ८ चा ४ झाला तर छान, ८ चा ७ च झाला तर समजा गुठळ्या आहेत, आणि मग बारीक खिडकीचा कुठलाही फिल्टर तिथे नीट चालणार नाही. अशा वेळी रॉ फाईल, म्हणजे सेन्सरने मोजलेली कच्ची माहिती, असेल तर तिच्याकडे परत जा, नसेल तर फोटो थोडा छोटा करून मग काम करा. तुम्ही रॉ ठेवता की नाही ते लिहिलेलं नाहीये. ठेवत असाल तर अर्धी लढाई तिथेच जिंकलीत.

आता तुमच्या ९, ७५, ७५ कडे येतो. बायलॅटरल फिल्टर या नावाने आणि आजच्या रूपात टोमासी आणि मंडुची यांनी १९९८ मधे मांडला. त्यात शेजाऱ्याला दोन वजनं मिळतात, एक अंतरावरून आणि एक रंगाच्या फरकावरून, आणि दोन्हींचा गुणाकार होतो. ओपनसीव्हीत पहिला आकडा खिडकी, दुसरा रंगफरकाचा सिग्मा, तिसरा अंतराचा सिग्मा. सगळा खेळ त्या दुसऱ्या आकड्यात आहे. समजा तुमच्या फोटोत नॉईजचा सिग्मा ५ आहे. रंगफरकाचा सिग्मा ७५ ठेवला तर कडेपलीकडचा १५० फरक असलेला शेजारीसुद्धा सुमारे १३.५ टक्के वजन घेऊन सरासरीत येतो. पण ती काळ्यापांढऱ्या अक्षराची ठळक कड आहे, तिथे हे फारसं दिसत नाही आणि म्हणूनच तुमचा फलक ठीक आला. आता गालाकडे या. नाकाची सावली, पापणीची कड, केसांची एक बट आणि दुसरी बट यांच्यातला फरक असतो २०, ३०, ४०. सिग्मा ७५ असताना ४० फरकाच्या शेजाऱ्याला ८७ टक्के वजन मिळतं. म्हणजे चेहऱ्यापुरता तुमचा बायलॅटरल हा जवळजवळ साधा ब्लरच होता.

तोच सिग्मा १५ करून बघा, नॉईजच्या तिप्पट. ४० फरकाच्या शेजाऱ्याचं वजन ३ टक्क्यांवर येतं, तो बाहेर गेला. १५० वाल्याचं तर शून्यच धरा. आणि नॉईजचं काय? सिग्मा ५ असताना सपाट जागेतल्या दोन पिक्सेलमधला फरक साधारण ७ च्या आसपास असतो, त्याला अजूनही ९० टक्के वजन मिळतंय, म्हणजे दाणे एकमेकांत विरघळतायत. म्हणून मी रंगफरकाचा सिग्मा नेहमी मोजलेल्या नॉईजच्या दुप्पट ते तिप्पट ठेवून सुरुवात करतो आणि मग डोळ्याने थोडा खालीवर करतो. अंतराचा सिग्मा २ ते ३ पिक्सेल पुरतो, ९ च्या खिडकीला ७५ चा काही अर्थच नाही, खिडकीच्या आतले सगळे शेजारी सारख्याच अंतराचे असल्यासारखे धरले जातात.

सरासरीतून शेजारी कमी झाले की नॉईजही कमी जाणार, हे मात्र मान्य करावं लागतं. कडेला लागून असलेल्या पिक्सेलला एकाच बाजूचे शेजारी मिळतात म्हणून तिथे दाणे थोडे जास्त राहतात. ते राहू द्या, ठळक कडेजवळचा नॉईज डोळ्याला फार जाणवत नाही, सपाट आकाशातला किंवा भिंतीवरचा लगेच खुपतो. बायलॅटरलचा दुसरा दोष म्हणजे हळुवार उताराच्या जागी तो पायऱ्या पाडतो, गालावर प्रकाश हळूहळू कमी होत जातो तिथे नकाशातल्या उंचीच्या रेषांसारखे पट्टे दिसायला लागतात. टोटल व्हेरिएशन म्हणून जी पद्धत आहे, रुडिन, ओशर आणि फातेमी यांची १९९२ ची, तिच्यातही हाच त्रास, त्यामुळे चित्रं, लोगो, नकाशे अशा सपाट रंगाच्या कामाला ती उत्तम आणि चेहऱ्याला मी ती लावत नाही.

चेहऱ्यांसाठी मला गायडेड फिल्टर जास्त आवडतो, आणि तो समजायलाही सोपा आहे. काइमिंग हे आणि सहकाऱ्यांनी २०१० मधे आणला. प्रत्येक छोट्या खिडकीत तो व्हेरिअन्स, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग, बघतो आणि मूळ पिक्सेल किती टक्के ठेवायचा ते ठरवतो, व्हेरिअन्स भागिले (व्हेरिअन्स अधिक एप्सिलॉन), यातलं एप्सिलॉन आपण द्यायचं. तुमचा सिग्मा ५, म्हणजे सपाट जागेतला व्हेरिअन्स २५. एप्सिलॉन १०० ठेवलं तर सपाट जागेत २५ भागिले १२५, म्हणजे मूळचा तपशील फक्त २० टक्के राहतो, बाकी सरासरी. ४० फरकाची कड खिडकीच्या मधोमध आली तर व्हेरिअन्स साधारण ४२५, तिथे ८१ टक्के राहतं. १५० च्या कडेला ९८ टक्के. बघा, एकाच आकड्यात सगळं कसं बसलं, आणि तो आकडाही सिग्माच्या वर्गावरूनच आला, चौपट घेतला इतकंच. इथे पायऱ्या पडत नाहीत आणि खिडकी मोठी केली तरी वेळ वाढत नाही. एक मात्र जपा, कोड फोटोला ० ते १ मधे धरत असेल तर एप्सिलॉनला २५५ च्या वर्गाने भागावं लागतं, नाहीतर १०० टाकून फोटो पूर्ण सपाट होतो आणि माणूस फिल्टरला नावं ठेवतो.

मीडियनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याने माझं स्वतःचं मोठं नुकसान केलेलं आहे. मीडियन हा मुळात तुरळक पांढऱ्याकाळ्या ठिपक्यांसाठी आहे. नऊ पिक्सेल आहेत, ५०, ५२, ४९, २५५, ५१, ४८, ५०, ५३, ४७, यात २५५ हा बिघडलेला. सरासरी काढली तर ७३ येते, एका ठिपक्याने सगळ्यांना ओढलं. मीडियन ५० देतो, जणू ठिपका नव्हताच. पण तोच मीडियन एक पिक्सेल जाडीच्या रेघेलाही ठिपकाच समजतो, कारण तीन बाय तीनच्या खिडकीत त्या रेघेचे फक्त ३ पिक्सेल आणि बाहेरचे ६, बहुमत बाहेरच्यांचं. पाच बाय पाच केला तर दोन पिक्सेल जाडीची रेघही जाते, १० विरुद्ध १५. तुमच्या फलकावरच्या अक्षरांच्या रेघा याच मापाच्या असणार.

मी बरीच वर्षं धातूच्या भागांच्या तपासणीच्या इमेजेसवर काम केलंय. सुरुवातीच्या काळात एका कामात इमेज फार दाणेदार यायच्या म्हणून मी आधी पाच बाय पाचचा मीडियन लावून मग दोष शोधत होतो, रिझल्ट इतका स्वच्छ दिसायचा की मला फार बरं वाटायचं. काही दिवसांनी एक भाग परत आला, त्याला केसासारखी तडा होती. मी मूळ इमेज उघडून मोठी करून बघितली, तडा स्पष्ट दिसत होती, डावीकडून उजवीकडे सुमारे शंभर पिक्सेल लांब आणि दोन पिक्सेल रुंद. फिल्टर केलेल्या इमेजमधे त्या जागी काहीच नव्हतं, एकदम गुळगुळीत धातू. ज्या गोष्टीसाठी ती इमेज काढली होती नेमकी तीच मी पुसून टाकली होती. तेव्हापासून फिल्टर लावायच्या आधी त्या इमेजमधला सगळ्यात बारीक महत्त्वाचा तपशील किती पिक्सेलचा आहे हे मी मोजतो, आणि फिल्टरनंतर तो तिथे आहे का हे जाऊन बघतो.

तुमच्या फोटोत असे तुरळक ठिपके असतील, लांब एक्स्पोजरला हॉट पिक्सेल येतातच, तर सगळ्या इमेजवर मीडियन फिरवू नका. आठही शेजाऱ्यांपेक्षा जो पिक्सेल बऱ्याच फरकाने, म्हणजे चारपाच सिग्माने तरी, वर किंवा खाली आहे तेवढाच बदला. रेघेतल्या पिक्सेलला रेघेतलेच एकदोन शेजारी त्याच्यासारखे असतात म्हणून तो वाचतो, एकटा पडलेला ठिपका जातो. आणि हे बायलॅटरलच्या आधी करा, कारण बायलॅटरलला अशा ठिपक्यासारखा दुसरा शेजारी सापडत नाही, तो त्याला कड समजून जसाच्या तसा जपून ठेवतो.

रंगाचा मुद्दा लोक विसरतात आणि खरं तर पटकन सगळ्यात जास्त फायदा तिथेच मिळतो. फोटो वायसीबीसीआर किंवा लॅब या उजेड आणि रंग वेगळे ठेवणाऱ्या पद्धतीत बदला आणि चॅनल वेगवेगळे करून बघा. कमी उजेडातल्या फोटोत हिरवेजांभळे डाग असतात ना, ते रंगाच्या दोन चॅनलमधे असतात, आणि कडांची बहुतेक माहिती उजेडाच्या चॅनलमधे. आपल्या डोळ्याला रंगातला बारीक तपशील तसाही कमी दिसतो. त्यामुळे रंगाच्या चॅनलवर जोरात फिल्टर लावा आणि उजेडाच्या चॅनलला हलक्या हाताने. इथे गायडेड फिल्टरचा खरा उपयोग होतो, साफ करायचा रंगाचा चॅनल आणि मार्गदर्शक म्हणून द्यायचा उजेडाचा चॅनल, म्हणजे ओठांचा रंग गालावर सांडत नाही. कित्येकदा एवढ्यावरच फोटो सुधारतो आणि उजेडातले उरलेले दाणे फिल्मच्या ग्रेनसारखे वाटतात, त्यांना हात लावायची गरजच पडत नाही. चेहऱ्यावर थोडे दाणे असलेले बरे, पूर्ण गुळगुळीत त्वचा डोळ्याला खोटी वाटते. मी तर उजेडाच्या चॅनलमधे शेवटी मूळचा २० ते ३० टक्के परत मिसळतो.

सावलीतला भाग जास्त घाण का दिसतो तेही सांगतो, कारण त्यावरून एकच सिग्मा सगळीकडे का चालत नाही ते कळतं. प्रकाश फोटॉन फोटॉननेच येतो, सरासरी १०० फोटॉन येणार असतील तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के, १०,००० येणार असतील तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का. उजळ भागात नॉईज आकड्याने जास्त पण प्रमाणात कमी. मग कॅमेरा गॅमा लावून सावल्या वर ओढतो, तुम्ही एडिटिंगमधे अजून ओढता, आणि तो १० टक्केवाला नॉईज ठळक होतो. रॉ वर काम करत असाल तर पिक्सेल आधी फोटॉनच्या हिशोबात आणा आणि २ गुणिले वर्गमूळात (पिक्सेल अधिक ३/८) हे अॅन्स्कोमचं १९४८ चं सूत्र लावा, म्हणजे अगदी काळे भाग सोडले तर नॉईज सगळीकडे साधारण सारखा होतो, मग फिल्टर, मग उलट सूत्र. जेपेगवर एवढं जमत नाही, तिथे मी सावलीत एक आणि उजेडात एक असे दोन सिग्मा मोजतो, दोन आकड्यांनी दोनदा फिल्टर करतो आणि उजेडाप्रमाणे मिसळतो.

नॉन-लोकल मीन्स तुम्ही अजून वापरलेला दिसत नाही, तोही ओपनसीव्हीत आहे. ब्यूआडेस, कोल आणि मोरेल यांची ही २००५ ची कल्पना मला आजही फार सुंदर वाटते. पिक्सेलची पिक्सेलशी तुलना न करता त्याच्या भोवतीच्या ७ बाय ७ च्या तुकड्याची आजूबाजूच्या २१ बाय २१ जागेतल्या प्रत्येक तुकड्याशी तुलना करायची आणि जे तुकडे दिसायला सारखे त्यांचेच मधले पिक्सेल सरासरीत घ्यायचे. कडेवरच्या पिक्सेलला त्याच कडेवरचे पुढचेमागचे पिक्सेल मिळतात, म्हणून कडेची धारही राहते आणि कडेजवळचे दाणेही जातात. कापडाची वीण, विटा, छापील अक्षरं, जिथे आकार पुन्हापुन्हा येतात तिथे याला तोड नाही, त्यामुळे तुमच्या फलकासाठी हाच. वेळ मात्र खातो, साध्या पद्धतीने केला तर एका पिक्सेलला ४४१ गुणिले ४९ म्हणजे २१,६०९ तुलना, १२ मेगापिक्सेलच्या फोटोला सुमारे २६ हजार कोटी. लायब्ररीतला कोड युक्तीने यातलं बरंच वाचवतो तरी थांबावं लागतंच. यातला एच नावाचा, फिल्टरचा जोर ठरवणारा आकडा सिग्माच्या आसपासपासून सुरू करा. बीएम३डी ही २००७ ची पद्धत याच विचाराची पुढची पायरी, सिग्मा बरोबर दिला तर आजही ती उत्तम काम करते, आणि चुकीचा दिला तर तीही चुकते.

न्यूरल नेटवर्कवाले डिनॉइझर लावू का असं कोणी विचारणारच, तर नुसते बघायचे फोटो असतील तर जरूर लावा, रिझल्ट वरच्या सगळ्यांपेक्षा चांगला येऊ शकतो. दोन गोष्टी बघा. एक, ते कुठल्या नॉईजवर शिकलंय. कृत्रिम गॉसियन नॉईजवर शिकलेलं मॉडेल जेपेगच्या गुठळ्यांपुढे गडबडतं. दोन, जिथे माहितीच नाही तिथे ते त्याला ठाऊक असलेलं काहीतरी भरतं. तुमच्या फलकावरचं अक्षर वाचता येत नसेल आणि मॉडेलने ते स्वच्छ करून दिलं, तर ते अक्षर तेच होतं याची खात्री नाही. तपासणी, मोजमाप, वैद्यकीय इमेज, पुरावा, अशा कामाला मी ते वापरत नाही.

मोजमापावरून आठवलं, पुढे याच इमेजमधे कडा शोधून मापं घ्यायची असतील तर वरचं बरंचसं उलटं होतं. गॉसियन सरळ कडेला पुसट करतो पण जागेवरून हलवत नाही, उताराचा मध्य होता तिथेच राहतो. बायलॅटरल आणि मीडियन कडेला धारदार ठेवतात पण नॉईजमुळे ती एखाददुसऱ्या पिक्सेलने इकडेतिकडे सरकलेली असते आणि आता तशीच पक्की होते. कॅनी या कडा शोधायच्या पद्धतीच्या आत गॉसियन असतो असं धरलं जातं, पण ओपनसीव्हीचं कॅनी फंक्शन तो स्वतः करत नाही, आधी तुम्हालाच करावा लागतो. तिथे साधा गॉसियनच लावा.

फोटो अजून काढायचे असतील तर सगळ्यात प्रामाणिक मार्ग म्हणजे जास्त प्रकाश गोळा करणे. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून न हलणाऱ्या गोष्टीचे १६ फोटो काढा आणि सरासरी करा, नॉईज एक चतुर्थांश होतो आणि एकही कड पुसली जात नाही, कारण शेजारी उसने न घेता त्याच पिक्सेलचे १६ नमुने घेतले. फलकाला हे सहज जमेल, माणसं हलतात म्हणून त्यांना जमणार नाही.

शेवटी, कुठलाही फिल्टर लावला की ही एक तपासणी कराच. मूळ फोटोतून फिल्टर केलेला वजा करा, फरक पाचपट करा, १२८ मिळवा आणि बघा. जे काढलं ते सगळं त्यात दिसतं. नुसती राखाडी वाळू दिसली तर फक्त नॉईज गेला. डोळ्यांची रेषा, केसांच्या बटा, अक्षरांची आकृती ओळखू आली तर ते सगळं तुम्ही फोटोतून काढून फेकलंय, आकडा कमी करा आणि पुन्हा बघा. तुमच्या ९, ७५, ७५ च्या रिझल्टवर हे करून बघा, मला खात्री आहे की अख्खा चेहरा त्यात दिसेल. मग भिंतीवरचा सिग्मा मोजा, रंगाचे चॅनल गायडेडने साफ करा, उजेडाच्या चॅनलला सिग्माच्या अडीचपट रंगफरकाचा बायलॅटरल किंवा सिग्माच्या वर्गाच्या चौपट एप्सिलॉनचा गायडेड द्या, फलकाचा भाग वेगळा कापून नॉन-लोकल मीन्सने करा आणि परत वजाबाकी बघा. शार्पनिंग करायचंच असेल तर ते या सगळ्यानंतर, आधी केलं तर दाण्यांनाच धार येते. मोजलेला सिग्मा, निम्मा केल्यावरचा सिग्मा आणि वजाबाकीचा एक छोटा क्रॉप इथे टाकलात तर पुढचे आकडे आपण मिळून ठरवू.